बोटभर उत्तर

त्या बेटावर ध्रुव दिसत नाही.
क्षितिजाच्या किंचित खाली असतो, पाण्यात.
अढळपद मिळालेलं पोर
तिथे पार बुडालेलं.

अवद बासुरूर हद्रमौतहून निघाला
तेव्हा तो तारा होता आठ बोटं वर.
हात लांब करायचा, एक डोळा मिटायचा,
समुद्राच्या रेघेवर बोटं रचायची.
शिडात ईशान्येचा वारा, पोत्यात खजूर,
आणि फळीवर कपाळ टेकायला वीतभर जागा.
सहा बोटं. चार. दोन.
एका रात्री नुसतं नख.
पुढच्या रात्री तांडेलानं विचारलं, उत्तर कुठे?
अवदनं न बघता पाठीमागे हात केला,
आपण अंधारात माठाकडे करतो तसा.

तो फौज घेऊन आला नव्हता.
सतरा तागे कापड होतं, आणि एक तराजू
ज्याच्या पारड्याखाली मेण नव्हतं.
गावानं तीन हंगाम ते पारडं उलटं करून पाहिलं.
चौथ्या हंगामात कुणीसं विचारलं,
तू भितोस तरी कोणाला?
एकालाच.
दिसतो कसा तो?
वाळू समोरच होती, बोटही मोकळं होतं.
अवदनं काही काढलं नाही.

मग लग्न, मग मुलं,
मग प्रवाळाचे दगड कापून भिंत.
चुन्यात दाबलेल्या दोन निळ्या चिनी वाट्या,
आणि उत्तरेला एक देवळी.
आपल्या देवळीत दिवा असतो, देव असतो,
निदान काडेपेटी तरी.
हिच्यात नुसती दिशा.

हेही लिहायला हवं:
त्याच वाऱ्याच्या परतीवर
पुढे माणसंही गेली, डोकी मोजून, साखळीत,
आणि त्यांतली काही जण
त्याच एकाला हाक मारत होती.
हिशेबाला तिकडे हेसाबू म्हणतात.
बाकीला बाकीच.
ती अजून आहे.

परवा त्वालिबू मोम्बासाहून आला.
देवळीत उभा राहिला, फोन तळहातावर आडवा धरून,
स्वतःभोवती हळूच फिरला.
म्हणाला, सात अंश चुकलंय.
सहाशे वर्षं.

खूप वेळ कोणी बोललं नाही.
बाहेर कुणीतरी होडीला काथ्या ठोकत होतं.
मग सगळेच बोलले.
कोण म्हणालं फोन खोटा, कोण म्हणालं भिंत खोटी,
कोण म्हणालं नियत बघतो तो, अंश नाही.
शेबवाना, ज्याचे तिघे भाऊ समुद्रानं नेले
आणि एकच परत दिला,
त्यानं एवढंच विचारलं: आणि कबरी?
त्यांनाही कुशीवर वळवून
तिकडेच तोंड करून निजवलंय.
त्या कोण फिरवणार?

म्वानामिसीला कोणी विचारलं नाही.
ती पायरीवर केरसुणीच्या काड्या आवळत होती.

शेवटी ठरलं, भिंत राहील, माणसं वळतील.
जाळ्याची निळी दोरी ताणून रांगा आखल्या,
चटया तिरक्या घातल्या.
एका कोपऱ्यात त्रिकोणी तुकडा उरला,
जिथे आता कोणी उभं राहत नाही.
म्वानामिसी पहाटे तो आधी झाडते.

आणि संध्याकाळी, तिसऱ्या रकातीला,
वाकून उठताना शेबवानाचं अंग
आपसूक जुन्या भिंतीकडे वळतं,
सात अंश, बोटभर,
जिकडे त्याचा बाप बघायचा.
शेजारी त्वालिबू असतो.
खांद्याला खांदा लागलेला.
पोरगा ढकलत नाही, सावरत नाही,
खांदा तेवढा सुटू देत नाही,
आणि म्हातारा हळूहळू, मनाविरुद्ध म्हणा
किंवा मनासारखं,
सरळ होतो.